संपर्क तुटल्यानंतरची वीस सेकंदे: वाळूजच्या एका कॅमेऱ्याचे प्रकरण

वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका लहान कंपनीकडे, लष्करासाठी ड्रोन जोडणाऱ्या परराज्यातील एका मोठ्या उत्पादकाची विचारणा आली. शेतात रात्री शिरणारी रानडुकरे आणि रोही (नीलगायी) ओळखून भोंगा वाजवणारे यंत्र ही कंपनी बनवते. त्यातील ओळख पटवणारा भाग, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा, तळहाताएवढा संगणक आणि त्यावर चालणारे मॉडेल, आत्मघाती ड्रोनच्या नाकात बसेल अशा रूपात मिळेल का, असे विचारले होते. ओळखायची होती ती जनावरांऐवजी वाहने. २०२३ पासून लष्करी ड्रोनमध्ये चिनी सुटे भाग चालत नसल्यामुळे मोठे उत्पादक देशातल्या छोट्या पुरवठादारांच्या शोधात असतात, तेव्हा अशी विचारणा येण्यात नवल काही नव्हते. सोबत तांत्रिक अटींचा लांबलचक तक्ता होता आणि त्यात एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर दोन अटी होत्या. पहिली अशी: लक्ष्य नजरेआड झाल्यास यंत्रणेने त्याच वर्गातील लक्ष्य पुन्हा शोधावे. दुसरी अशी: लॉक झाल्यानंतर, म्हणजे पडद्यावरच्या चौकटीत लक्ष्य पकडून यंत्राला त्याचा माग धरायला लावल्यानंतर, ऑपरेटरशी संपर्क तुटल्यास मोहीम पूर्ण करावी. सुट्या वाचल्या तर दोन्ही अटी व्यवहार्य आहेत, कोणताही बरा अभियंता स्वतःहून सुचवील अशा आहेत. दोन्ही एकाच यंत्रात एकाच वेळी लागू झाल्या तर काय होते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कंपनी, तिची माणसे, तिच्या चाचण्या आणि हा व्यवहार अभ्यासासाठी योजलेला आहे. यंत्रांचे वर्तन, कायदे, न्यायालयाचा निकाल, ठराव आणि तारखा मात्र जशा आहेत तशा दिल्या आहेत.

भोंग्याचे यंत्र

सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या राखणीसाठी रात्रीची जागल हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे जुने आणि जीव काढणारे काम आहे. झटका मशीनच्या तारांखालून डुकरे वाट काढतात आणि फटाक्यांना ती चार दिवसांत सरावतात. या कंपनीच्या यंत्रात बांधावरच्या खांबावर एक कॅमेरा असतो. तो ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची उष्णता टिपतो, मॉडेल चित्रातील आकृतीला डुक्कर, रोही, हरीण, कुत्रा, गाय किंवा माणूस यांपैकी एक नाव देते आणि नाव पहिल्या तिघांपैकी असेल तर भोंगा व लखलखणारा दिवा सुरू होतो. कॅमेरा सेकंदाला ९ चित्रे घेतो. हा आकडा उगाच आलेला नाही. निर्यात नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय याद्यांमध्ये ९ हर्ट्‌झपर्यंतच्या, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रे घेणाऱ्या, उष्णताकॅमेऱ्यांना सवलत असल्यामुळे बाजारात सहज मिळणारे बरेचसे कॅमेरे मुद्दाम तेवढ्यावरच थांबवलेले असतात. डुकरासाठी ९ चित्रे पुष्कळ होतात.

एका हिवाळ्यात गंगापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचा फोन आला. शेतीपंपाला वीज रात्रीची असल्यामुळे त्याची आई हरभऱ्याला पाणी द्यायला गेली होती आणि दारे धरून झाल्यावर घोंगडी पांघरून बांधावर टेकली होती, तर भोंगा थांबायलाच तयार नव्हता. "साहेब, तुमचं मशीन आमच्या मायला डुक्कर समजायलंय," असे तो हसत हसत म्हणाला आणि फोन घेणाऱ्यालाही हसू आवरले नाही. मॉडेल शिकवण्याचे काम पाहणाऱ्या अभियंता मॅडमनी मात्र त्या रात्रीची चित्रे मागवून घेतली. जाड लोकर अंगाची उष्णता अडवते, त्यामुळे कॅमेऱ्याला चेहरा आणि हाताचे पंजे तेवढे स्पष्ट दिसले होते, बाकीची आकृती अंधुक, बुटकी आणि रुंद होती. शिकवणीच्या संचातली माणसे जवळजवळ सगळी उभी किंवा चालणारी होती. खुरपणाऱ्या, वाकून काम करणाऱ्या, उकिडव्या बसलेल्या माणसांची चित्रे त्यात नव्हतीच, आणि शेतातला माणूस दिवसातला बराच वेळ याच स्थितीत असतो. चित्रे वाढवून, मॉडेल पुन्हा शिकवून ही चूक बरीच कमी झाली, पण नाहीशी झाली नाही.

ती नाहीशी करण्याची गरजही नव्हती, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे. मॉडेल कधीही "हे डुक्कर आहे" असे सांगत नाही. ते ० ते १ यांमधला एक आकडा देते आणि तो किती असला म्हणजे भोंगा वाजवायचा, तो थ्रेशोल्ड माणूस ठरवतो. कंपनीने तो जाणूनबुजून खाली ठेवला होता, कारण एक डुक्कर निसटले तर हरभऱ्याचा पट्टा उद्ध्वस्त होतो आणि एक भोंगा फुकट वाजला तर कोणाची झोपमोड होण्यापलीकडे काही बिघडत नाही. म्हणजे थ्रेशोल्ड दिसायला तांत्रिक आकडा असला, तरी कोणती चूक आपल्याला परवडते याविषयीचा तो निर्णय असतो. भोंग्याच्या जागी स्फोटके आली की त्या निर्णयाचा आधारच बदलतो. मॉडेल, कॅमेरा आणि आकडा मात्र तेच राहतात आणि बदल कुठे झाला हे पडद्यावर कोणालाही दिसत नाही.

९५ टक्के अचूकता म्हणजे काय

ग्राहक उत्पादकाच्या तक्त्यात ओळखीची अचूकता किमान ९५ टक्के मागितली होती. हा आकडा सगळ्याच माहितीपत्रकांत असतो आणि तो वाचताना एक साधे गणित बहुधा राहून जाते. समजा, एखाद्या रस्त्यावरून कॅमेऱ्यापुढून १,००० वाहने गेली आणि त्यांपैकी २० खरोखर लष्करी होती. यंत्र दोन्ही बाजूंनी ९५ टक्के बरोबर असेल, तर ते २० पैकी १९ पकडील. उरलेल्या ९८० साध्या वाहनांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९ वाहनांनाही ते लष्करीच म्हणेल. एकूण ६८ वेळा लक्ष्य सापडल्याचा इशारा येईल आणि त्यांतला खरा दर चार इशाऱ्यांमागे साधारण एक असेल. रणांगण जसजसे वस्तीजवळ सरकते, तसतशी साध्या वाहनांची संख्या वाढते आणि अचूकतेची टक्केवारी तीच राहूनही खऱ्या इशाऱ्यांचे प्रमाण ढासळते. अचूकतेचा आकडा कोणत्या गर्दीत मोजला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नसतो.

यावर ग्राहकाच्या अभियंत्यांचे उत्तर रास्त होते. लक्ष्य यंत्र निवडणार नाही, जमिनीवरचा ऑपरेटर पडद्यावर पाहून निवडील आणि लॉक करील; मॉडेलचे काम फक्त ते धरून ठेवण्याचे आहे, असे त्यांनी कळवले. असे असेल तर वरचे गणित गैरलागू ठरते, कारण गर्दीतून वेचण्याचे काम माणसाने केलेले असते. नागपूरच्या सोलार समूहाने बनवलेले आणि जून २०२४ मध्ये पहिली खेप लष्कराला मिळालेले नागास्त्र-१ हे याच घराण्यातले शस्त्र आहे, आणि लक्ष्य सापडले नाही किंवा मोहीम रद्द झाली तर ते परत बोलावून पॅराशूटने उतरवता येते, ही त्याची जमेची बाजू सांगितली जाते. परत बोलावता येणे ही सोय म्हणून कमी आणि नियंत्रणाचा पुरावा म्हणून जास्त मोलाची आहे, असे माझे मत आहे. अडचण एवढीच, की परत बोलावण्यासाठी संपर्क लागतो.

संपर्क का तुटतो

ड्रोन वर असतो तोपर्यंत त्याची आणि ऑपरेटरची रेडिओ लहरींची गाठ सरळ रेषेत पडते. लक्ष्याकडे झेपावताना तो खाली येतो आणि मध्ये टेकडी, इमारत किंवा झाडी आली की चित्र खरखरू लागते. त्यात शत्रूची रेडिओ संपर्क बिघडवणारी जॅमिंग यंत्रणा लक्ष्याच्या आसपासच असते, त्यामुळे जवळ जावे तसा तिचा जोर वाढतो. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंना हा अनुभव आला आणि म्हणूनच शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याच्या भरवशावर लक्ष्य गाठणाऱ्या छोट्या संगणकांना तिथे मागणी आली. वाळूजला आलेली विचारणा याच लाटेतली आहे. म्हणजे संपर्क तुटणे हा अपवाद म्हणून गृहीत धरता येत नाही. शेवटच्या टप्प्याची तीच नेहमीची स्थिती आहे आणि यंत्रणेची रचना तिच्याभोवतीच करावी लागते.

लक्ष्यापासून ६०० मीटरवर संपर्क गेला आणि ड्रोनचा वेग सेकंदाला ३० मीटर असला, तर मधली वीस सेकंदे यंत्र एकटे असते. सेकंदाला ९ चित्रे घेणारा कॅमेरा असेल तर दोन चित्रांच्या दरम्यान ड्रोन ३ मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो, म्हणून ग्राहकाला जास्त वेगाचा कॅमेरा हवा होता आणि तो घेतला की कंपनी सवलतीच्या बाजारातून नियंत्रित वस्तूंच्या बाजारात शिरणार होती. पण वीस सेकंदांत जग हलते. वाहन झाडाआड जाते, धूळ उडते, दुसरे वाहन मध्ये येते. लॉक केलेली चौकट आतल्या आकृतीला चित्रागणिक चिकटून राहते, आणि आकृती दिसेनाशी झाली की पहिली अट जागी होते: त्याच वर्गातील लक्ष्य पुन्हा शोधावे.

कंपनीने उत्तर देण्यापूर्वी ही अट स्वतः पारखून पाहिली. पैठण तालुक्यातील एका गावच्या जलकुंभावर कॅमेरा बसवला, ओळखीचा एक पिकअप टेम्पो खालच्या रस्त्याने जायला सांगितला आणि पडद्यावर त्याला लॉक केले. टेम्पो रस्त्याकडेच्या मोठ्या कडुलिंबाआड गेला आणि चालकाने ठरल्याप्रमाणे तिथेच गाडी थांबवली. त्याच वेळी समोरून आलेली, चाचणीशी काहीही संबंध नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली झाडाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडली. हिरवी चौकट क्षणभर रिकामी राहिली, मग ट्रॉलीवर बसली आणि रस्ता संपेपर्यंत सुटली नाही. वर्ग एकच होता, वाहन. विश्वासांक, म्हणजे मॉडेलने दिलेला आकडा, थ्रेशोल्डच्या वर होता. यंत्राने सांगितले तेच केले होते. ट्रॉलीत कापूस वेचून घरी निघालेल्या बाया होत्या.

या ठिकाणी यंत्राने नवे लक्ष्य निवडले. माणसाने निवडलेले लक्ष्य झाडाआड उभे होते आणि चौकटीतले लक्ष्य कोणीच निवडले नव्हते. संपर्क चालू असता तर ऑपरेटरने ते पाहिले असते आणि लॉक काढले असते, म्हणून पहिली अट एकटी असताना धोकादायक नाही. पुन्हा शोधण्याची मुभा नसती तर संपर्क तुटूनही ड्रोन मूळ टेम्पोवर तरी गेला असता किंवा भरकटून रानात पडला असता, म्हणून दुसरी अटही एकटी असताना यंत्राच्या हाती निवड देत नाही. दोन्ही एकत्र आल्या की माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय लक्ष्य निवडून त्यावर बळ वापरणारे यंत्र तयार होते, आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती स्वायत्त शस्त्राची जी व्याख्या करते ती जवळपास याच शब्दांत आहे. तक्ता लिहिणाऱ्याच्या मनात स्वायत्त शस्त्र बनवायचे नव्हते, याबद्दल मला शंका नाही. ते कोणी ठरवून बनवावे लागत नाही, हीच यातली चिंतेची गोष्ट आहे.

नियम काय सांगतात

ही जोडी कोणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नोव्हेंबर २०१२ मध्ये काढलेल्या ३०००.०९ क्रमांकाच्या निर्देशात (जानेवारी २०२३ मध्ये तो सुधारला गेला) मानवरहित वाहनावर बसवलेल्या अर्धस्वायत्त शस्त्रांसाठी स्पष्ट अट आहे: संपर्क क्षीण झाला किंवा तुटला, तर अधिकृत ऑपरेटरने आधी निवडलेले नाही असे लक्ष्य यंत्रणेने स्वतः निवडून मारू नये, अशीच तिची रचना हवी. निर्देश अमेरिकी खात्यापुरता आहे, वाळूजच्या कंपनीला तो लागू नाही. पण दोन्ही अटींमधली फट नेमकी कुठे आहे हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा मजकूर मी तरी पाहिलेला नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर बंधनकारक असे अजून काही नाही. विशिष्ट पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराखाली जिनिव्हात सरकारी तज्ज्ञांचा गट २०१७ पासून बसतो. त्याच्या पहिल्या दोन वर्षांचे अध्यक्षपद भारताच्या अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होते. २०१९ मध्ये या करारातील देशांनी अकरा मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. शस्त्राच्या वापराच्या निर्णयाची जबाबदारी माणसाकडेच राहील आणि ती यंत्रावर ढकलता येणार नाही, हे त्यांतले मुख्य तत्त्व. पण तत्त्वे ही तत्त्वेच आहेत आणि तिथले काम सर्वसहमतीने चालत असल्यामुळे करारापर्यंत गाडी पोचलेली नाही. मे २०२१ मध्ये रेडक्रॉस समितीने माणसांना लक्ष्य करणाऱ्या आणि ज्यांचे परिणाम पुरेसे आधी सांगता येत नाहीत अशा स्वायत्त शस्त्रांवर बंदी, बाकीच्यांवर काटेकोर मर्यादा, अशी शिफारस केली. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या विषयावरचा पहिला ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधी चार मतांत भारताचे एक होते, कारण या चर्चेची योग्य जागा जिनिव्हातील करारच आहे आणि बंधनकारक कराराची वेळ अजून आलेली नाही, अशी भारताची भूमिका आहे.

नवे शस्त्र घेण्यापूर्वी ते आंतरराष्ट्रीय कायद्यात बसते का हे तपासण्याचे बंधन जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जादा प्रोटोकॉलमधील कलम ३६ घालते, पण भारताने त्या प्रोटोकॉलला मान्यता दिलेली नाही. देशात स्वायत्त शस्त्रांसाठी वेगळा कायदा नाही. लष्करी कृत्रिम बुद्धिमत्ता पारखण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण दलप्रमुखांच्या हस्ते एक चौकट प्रसिद्ध झाली आणि विश्वासार्हता, सुरक्षितता, पारदर्शकता असे निकष तिच्यात आहेत. विक्रीचा करार लिहिताना त्यांचा आधार घेता येतो. निर्यातीला स्कोमेट यादी, म्हणजे निर्यात नियंत्रणाखालील वस्तूंची सरकारी यादी, लागू होते. देशातल्या देशात परवानाधारक उत्पादकाला भाग विकण्यात मात्र या कंपनीपुढे निर्यात परवान्याचा प्रश्न नव्हता. थोडक्यात, कंपनीला अडवणारे कोणी नव्हते.

याच मुद्द्यावर कंपनीचे कायदेविषयक काम पाहणाऱ्या वकिलांनी एक जुना निकाल पुढे केला, आणि तो मला सगळ्या जिनिव्हापेक्षा जवळचा वाटतो. बिहारमधील एका माणसाने शेजाऱ्यांनी आपले शौचालय वापरू नये म्हणून वाटेत विजेचा प्रवाह सोडलेली उघडी तार लावली आणि शेजारची एक स्त्री तिला चिकटून मेली. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क सांगून अशी सुटका होत नाही, आगंतुक झाला म्हणून त्याचा जीव घेण्याची मुभा मिळत नाही आणि प्राण घेण्याइतका प्रवाह सोडणे हेच बेदरकार कृत्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे डुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडल्याने शेजारचा शेतकरी दगावल्याच्या बातम्या येतच असतात, म्हणून हा निकाल इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. युद्धाचा कायदा वेगळा आहे, शत्रूच्या वाहनावर हल्ला करणे मुळात कायदेशीर असते, हे वकिलांनीच लगेच स्पष्ट केले. तरीही निकालातला गाभा तिथे उपयोगी पडतो: ज्याने तार जोडली त्याने ती कोणाला लागेल हे निवडले नव्हते, आणि नेमके तेच त्याच्या विरोधात गेले.

खोलीतली चर्चा

ऑर्डर घेतली असती तर बँकेचे हप्ते सुरळीत झाले असते आणि पावसावर हेलकावणाऱ्या धंद्याला पाया मिळाला असता, हे सगळेच जाणून होते. संचालकांचे पहिले म्हणणे असे होते, की आपण सुटा भाग देतो, तो कसा वापरायचा हे जोडणाऱ्याने आणि लष्कराने ठरवावे. जोडणी विभागाचे पर्यवेक्षक सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फारसे बोलणे टाळले, पण एक वाक्य स्वच्छ सांगितले: "सर, पुढं पोरगं पाठवायचं की मशीन, तिथं एवढाच प्रश्न असतो." या वाक्याला उत्तर नाही आणि असे शस्त्र बनवूच नये म्हणणाऱ्यांनी ते आधी ऐकून घेतले पाहिजे. मॅडमनीही त्याला विरोध केला नाही. त्या म्हणाल्या, "काका, मशीन पाठवा. पण पोरगं ज्याच्यावर नेम धरून बसलंय त्याच्यावरच ते जाऊ द्या ना."

सुटा भाग देतो, एवढ्यावर संचालकांना फार वेळ टिकता आले नाही. एंजिनाला लागणारा बोल्ट विकणाऱ्याला ते म्हणता येते, कारण बोल्ट काही ठरवत नाही. येथे विकला जाणारा भाग हाच निवडणारा भाग आहे. पुढच्या कंपनीला त्यातले आकडे बदलता येतात, पण घोंगडीतल्या म्हातारीला तो काय समजतो हे फक्त वाळूजला माहीत असते. आपण नाही दिले तर दुसरा देईल, हा युक्तिवादही पुढे आला आणि तो खरा आहे. फक्त त्याच न्यायाने पाहिले तर जो देईल त्याने कोणत्या अटींवर दिले, याला महत्त्व येते.

लष्करी यंत्रांचा इतिहास इथे कामी आला. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने मित्रदेश ब्रिटनचे टॉर्नेडो विमान पाडले आणि त्यातले दोघेही जण ठार झाले. यंत्रणेने परतणाऱ्या विमानाला रडारवर झेपावणारे क्षेपणास्त्र मानले होते, आपले-परके ओळखणारी विमानातली खूणयंत्रणा चालत नव्हती, आणि तोफखान्याच्या पथकाला ठरवायला जेमतेम एक मिनिट मिळाले. त्या क्षेपणास्त्राच्या ओळखीचे निकष फार सैल होते आणि पथकाचे प्रशिक्षण खोटा इशारा पकडण्याकडे झुकलेले नव्हते, असे ब्रिटिश चौकशीत आढळले. पुढच्याच महिन्यात पॅट्रियटने अमेरिकेच्याच नौदलाचे एक विमान पाडले आणि त्याचा वैमानिक मारला गेला. दोन्ही वेळा साखळीत माणूस होता. त्याच्या हाती बटन होते, परंतु यंत्राचे म्हणणे खोडून काढायला लागणारा वेळ आणि माहिती नव्हती. करारात "मानवी नियंत्रण राहील" असे एक वाक्य टाकून भागेल, असे म्हणणाऱ्यांना यानंतर खोलीत पाठिंबा उरला नाही.

कंपनीने काय कळवले

नकार द्यायचा नाही आणि तक्ता जसाच्या तसा स्वीकारायचा नाही, असे ठरले. पुन्हा शोधण्याची सोय द्यावी, पण ती चालू संपर्काशी कुलूपबंद असावी. संपर्क गेला की ती आपोआप बंद व्हावी, आणि लॉकची साखळी एकदाही न तुटता चालू असेल तरच ड्रोनने पुढे जावे. साखळी तुटली तर स्फोटकाची कळ निष्क्रिय करून त्याने वर चढावे किंवा नेमलेल्या मोकळ्या जागी उतरावे. हे वर्तन पुढच्या उत्पादकाला सेटिंगमधून बदलता येऊ नये, म्हणून ते कंपनीच्या डिजिटल सही असलेल्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे यंत्रात भरलेल्या मूळ आज्ञावलीतच, ठेवायचे. यात शस्त्राची परिणामकारकता काही प्रमाणात घटते, काही ड्रोन वाया जातात, आणि कंपनीने उत्तरात ते लपवले नाही.

माणूस हा वर्ग लक्ष्यांच्या यादीत कधीही नसेल, अशी दुसरी अट मॅडमच्या आग्रहाने गेली. ही अट मला अर्धवट वाटते. वाहनात माणसेच असतात आणि सैनिक हे युद्धात वैध लक्ष्य असते, त्यामुळे तिने नैतिक प्रश्न सुटत नाही. पण रेडक्रॉस समितीची शिफारस याच दिशेची आहे, आणि शरण आलेला, जखमी किंवा नुसता उकिडवा बसलेला माणूस उष्णताचित्रातून ओळखू येत नाही हे कंपनीला स्वतःच्या धंद्यातून ठाऊक असल्यामुळे, आपल्या यंत्राला जे जमत नाही ते विकायचे नाही, या साध्या व्यापारी न्यायाने ती टिकते.

तिसरी अट नोंदींची होती आणि तिथे एक अडचण निघाली, तिचा विचार नियम लिहिणाऱ्यांनीही फारसा केलेला दिसत नाही. जबाबदारी ठरवायची तर यंत्राने काय पाहिले आणि का ठरवले याची नोंद हवी. विमानाचा ब्लॅक बॉक्स अपघातातून वाचावा म्हणून बांधलेला असतो. आत्मघाती ड्रोन स्वतःच फुटतो. नोंद वाचवायची तर ती फुटण्याआधी जमिनीवर पाठवावी लागते, आणि संपर्क तुटलेला असतो तेव्हा नेमक्या त्याच वीस सेकंदांची नोंद पाठवता येत नाही. लिबियातल्या २०२० च्या लढाईत कार्गू-२ ड्रोन वापरल्याचा उल्लेख संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या २०२१ च्या अहवालात आहे; संपर्काशिवाय हल्ला करू शकणारी यंत्रणा, असे त्यात म्हटले आहे, पण ती प्रत्यक्ष त्या रीतीने चालवली गेली का आणि त्यात कोणी मेले का, हे अहवालातून सिद्ध होत नाही. वापरानंतर पुरावा उरत नसेल, तर यंत्राविषयी खात्रीने काही सांगणारी एकच जागा शिल्लक राहते, ती म्हणजे वापरापूर्वीची चाचणी.

म्हणून उत्तराचा सर्वांत मोठा भाग चाचणीवर गेला आणि वादही त्यावरच झाला. ग्राहकाला स्वीकृती चाचणी जानेवारीत, स्वच्छ हवेत हवी होती. जानेवारीत मराठवाड्याची जमीन रात्री गार असते, गाडीचे एंजिन आणि अंगाची ऊब तिच्यावर लख्ख उठून दिसते आणि कोणताही कॅमेरा शहाणा ठरतो. मे महिन्यात काळी जमीन दिवसभर तापते, उन्हात उभ्या गाडीचा पत्राही तापतो आणि सूर्यास्तानंतर दोन्ही निवत असताना एक वेळ अशी येते, की जमीन, पत्रा आणि माणसाची कातडी यांचे तापमान जवळपास एक होते. तेवढा वेळ उष्णताचित्रातल्या आकृत्या पार्श्वभूमीत विरघळतात, लॉकची चौकट थरथरते आणि नजीकच्या दुसऱ्या आकृतीवर घसरते. सकाळी ऊन चढताना हाच प्रकार उलट दिशेने पुन्हा होतो. कंपनीकडे अशा संध्याकाळच्या चित्रांचा मोठा साठा होता, कारण उन्हाळी भुईमुगात डुकरे त्याच सुमाराला शिरतात.

ग्राहकाने फर्मवेअरचे कुलूप आणि नोंदींची अट काही बदलांसह मान्य केली, माणसाच्या वर्गाचा मुद्दा लष्कराकडून विचारून घेतो असे कळवले आणि चाचणीच्या महिन्यावर दोनदा नकार दिला. तिसऱ्या खेपेला संचालकांनी एका मे महिन्यातील संध्याकाळचे, जलकुंभावरून घेतलेले चलच्चित्र जोडून पाठवले. त्यात पाठोपाठ जाणाऱ्या दोन रिकाम्या टेम्पोंमध्ये चौकट मागच्यावरून पुढच्यावर आणि परत मागच्यावर जाताना दिसते. त्यानंतर आलेल्या सुधारित मसुद्यात स्वीकृती चाचणीची वेळ सूर्यास्तापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर दोन तास आणि महिना एप्रिल किंवा मे अशी आहे. चाचणीचा खर्च कोणी करायचा, याचा रकाना अजून रिकामा आहे.